डाव्या कोपराच्या नोंदी

माणसाच्या अंगावर जे उमटतं ते आधी त्याच्या ताटात वाढलेलं असतं, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. निदान त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या वजनमापे निरीक्षकांनी ते तसं सांगितलं, आणि सांगताना ते डाव्या कोपराची आतली बाजू खाजवत होते. पंचेचाळीस वर्षं कडक पथ्य पाळूनही तिथे अजून का खाजतं, असं त्यांना कोणी विचारलं नाही. त्या खोलीत प्रश्न घेऊन कोणी येत नाही. सगळे उत्तर घेऊनच येतात, डॉक्टरांनी फक्त खाली सही करायची असते.

समोरच्या बाकावर तोंडभर मुरुमं आलेला एक तरुण होता. त्याच्या मते हा चॉकलेटचा प्रताप होता. त्याच्या शेजारच्या आजींना अंगावर गांधी उठत, आणि त्यांचा संशय वांग्यावर होता. कोपऱ्यातल्या गृहस्थांच्या कोपरांवर सोरायसिसचे चंदेरी खवले होते, आणि गेली नऊ वर्षं त्यांनी आंबट म्हणून काही तोंडाला लावलं नव्हतं. खवले मात्र जिथल्या तिथे होते.

"अंडं," निरीक्षक म्हणाले.

"मी अंडं खातच नाही हो," सोरायसिसवाले म्हणाले.

"मग फार उत्तम. नाहीतर आज काय अवस्था असती, विचार करा."

गृहस्थांनी विचार केला आणि ते थोडे सुखावले.

निरीक्षक स्वतःसाठी आले नव्हते. मुलीच्या मांडीवर त्यांची आठ महिन्यांची नात होती आणि नातीच्या डाव्या कोपराच्या घडीत रुपयाएवढा लाल, खरखरीत चट्टा होता. मुलीने तो दाखवला तेव्हा निरीक्षकांना आधी काळजी वाटली आणि मग, हे त्यांनी कोणाकडे कबूल केलं नाही, थोडा अभिमान वाटला. नाक आजीवर गेलं होतं, कान जावयांवर गेले होते. कोपर मात्र निर्विवाद त्यांचा होता.

डॉक्टरीणबाई मुलीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी चट्टा पाहिला, बोट फिरवलं आणि इसब आहे असं सांगितलं. मलम लिहून दिलं. मग म्हणाल्या, "वरचं खाणं सुरू केलंय ना? अंडं दिलं का?"

"आमच्या घरात अंडं नसतं," मुलगी म्हणाली. "बाबांना ॲलर्जी आहे."

"काय होतं खाल्ल्यावर?"

"खाल्ल्यावर नाही होत काही," निरीक्षक म्हणाले. "म्हणजे मी खातच नाही. वयाच्या नवव्या वर्षी बंद केलं."

"तपासणी कुठे केली होती?"

"घरी. आईने. रीतसर नोंदी आहेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. खरी ॲलर्जी असली तर ती लपून बसत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते. गांधी येतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. तसं काही घरात असेल तर आपण आधी तपासणी करू. नसेल, तर बाळाला नीट शिजवलेलं अंडं थोडं थोडं द्यायला लागा, उगाच लांबवू नका. म्हणून मला नेमकं कळायला हवं. काय नोंदी आहेत त्या आणता येतील?"

"येतील की," निरीक्षक म्हणाले. उभ्या जन्मात त्यांच्याकडे कोणी पुरावा मागितला नव्हता. पुरावे मागायचं काम त्यांचं होतं.

बाहेर पायऱ्या उतरताना मुलगी म्हणाली, "बाबा, शुक्रवारपर्यंत सांगा. तुमच्या वह्यांत खरंच काही असेल तर मी तिला कधी अंडं देणार नाही. पण नुसतं आपल्याकडे चालत नाही म्हणून मला तिचं आत्यासारखं करायचं नाहीये."

"आत्याचं काय झालं?"

"तिलाच विचारा," मुलगी म्हणाली, आणि बाळाचं टोपडं सारखं करू लागली.

*

आत्या, म्हणजे निरीक्षकांची थोरली बहीण, बेकरी चालवत असे. तिच्या भट्टीत रोज तीनशे अंडी लागत. घरात चार वर्षं अंड्याचं टरफल न पाहिलेल्या मुलीने हाच धंदा का निवडला असावा, यावर निरीक्षकांनी कधी डोकं चालवलं नव्हतं.

ते पोचले तेव्हा दुपारची भट्टी निघाली होती. ताई पीठभरल्या हातांनी ट्रेमधून पाव उलटे करत होती.

"काय रे चौदा," ती मान वर न करता म्हणाली. "आज वाट वाकडी केलीस?"

चोपन्नाव्या वर्षी, पदरी नात असताना, सरकारी ओळखपत्र गळ्यात असताना माणसाला कोणी 'चौदा' म्हणावं का, हा प्रश्न त्यांनी वीस वर्षांपूर्वीच सोडून दिला होता. त्या नावाला इतिहास होता.

आई हवामान केंद्रात नोंदी घेण्याच्या कामावर होती. पाऊस, वारा, तापमान, दमटपणा: ठरलेल्या वेळी पाहायचं, दिसेल ते लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही. घरी सहा वर्षांच्या मुलाच्या कोपरांत आणि गुडघ्यांच्या मागे इसब फुटलं, तेव्हा तिने साहजिकच वही घातली. सकाळी सात, संध्याकाळी सहा, आणि निजायच्या आधी. डावा कोपर हे मुख्य केंद्र. उजवा कोपर आणि दोन्ही गुडघे ही उपकेंद्रं. त्या त्या वेळी मुलाला खिडकीपाशी स्टुलावर बसवायचं, कोमट पाण्याने जागा धुवायची, मऊ फडक्याने टिपायची, कारण ओल्या कातडीचा रंग खरा नसतो. मग रंग पाहायचा, लिहायचा, आणि शेवटी डब्यातलं घट्ट मलम थापायचं.

पण लाल किती लाल, हे कसं लिहायचं? पावसाला नरसाळं होतं, तापमानाला पारा होता. खाजेला काहीच नव्हतं. ती अडचण आप्पांनी सोडवली. त्यांचं रंगांचं दुकान होतं. त्यांनी दुकानातून कंपनीचं छटांचं कार्ड आणलं. त्यातली तांबड्याची पट्टी अगदी फिक्या मोतिया रंगापासून सुरू होऊन भाजलेल्या विटेपर्यंत जाई, आणि प्रत्येक चौकोनाला नंबर होता. खाली नावंही होती, 'पहाटस्वप्न', 'लाजरी सांज' वगैरे. पण आईने नावं शास्त्रीय नाहीत म्हणून नाकारली. मुलाच्या कोपराला लाजरी सांज म्हणायला तिचं मन धजलं नाही. ती फक्त नंबर लिही. एका उन्हाळ्यात डावा कोपर चौदावर गेला आणि बरेच महिने तिथेच राहिला. ताईने त्यावरून भावाचं बारसं पुन्हा केलं.

"वह्या हव्यात," निरीक्षक म्हणाले. "आईच्या."

ताईने हात झटकले. "कशाला? कोपर पुन्हा चढला का?"

"बाळाला अंडं द्यायचं की नाही, ते ठरवायचंय."

तिने ट्रे बाजूला ठेवला. मग म्हणाली, "माळ्यावर आहेत. मैद्याच्या पोत्यांमागे. शिडी धर, तू चढून पडलास तर मला कोपराबरोबर पायही सांभाळावा लागेल."

*

अकरा वह्या होत्या, जाड पुठ्ठ्याच्या, पाठीवर नंबर घातलेल्या. ताईने त्या बेकरीच्या मागच्या खोलीत, केक सजवायच्या टेबलावर आणून टाकल्या. मैद्याचा धुरळा उडाला आणि निरीक्षकांना शिंक आली. पहिली वही उघडताच त्यांना त्या मलमाचा वास आला, किंवा आला असं वाटलं. मेणाचा, थोडा औषधी, थोडा गोडसर. त्या वासाबरोबर खिडकी आली, स्टूल आलं, स्टुलाचा एक पाय आखूड होता तो आला, आणि आईची गार, कोरडी बोटं आली. ती कोपर हातात घेई तेव्हा बोलत नसे. खालचा ओठ किंचित पुढे काढून ती कार्ड कोपराशेजारी धरायची, डोळे बारीक करायची, आणि मुलगा श्वास रोखून आपला आजचा आकडा ऐकायला थांबायचा. बाकीची मुलं निकालाला वर्षातून एकदा भीत. त्याला निकाल दिवसातून तीनदा होता.

"हे बघ," ताई म्हणाली. "आपल्या घरचा दुष्काळ." ती दुसऱ्या वहीतून वाचू लागली. "दूध बंद, वीस दिवस. फरक नाही. दूध सुरू. टोमॅटो बंद. फरक नाही. शेंगदाणे बंद. चॉकलेट बंद. गहू बंद, एक महिना. एक महिना रे! आप्पांची विजार सैल झाली होती."

"प्रयोग एका वेळी एकाच गोष्टीचा करायचा असतो," निरीक्षक म्हणाले. "पद्धत बरोबर होती."

"पद्धत बरोबर होती, पण प्रयोग एकावर होता आणि उपाशी चौघं होतो. एकाला वेगळं वाढायचं नाही म्हणे, पोराला वाईट वाटेल. तुझ्या खाजेपायी मी सातवीच्या परीक्षेला उकडलेला बटाटा खाऊन गेले." तिने पान उलटलं. "आणि सोळाव्या वर्षी मला मुरुमं आली, तेव्हा काय म्हणाली माहितीय? बाहेर काहीतरी तळलेलं चोरून खातेस. घरात तळण नव्हतं, हातात पैसे नव्हते. सगळ्या वर्गाला मुरुमं होती. चोर मी एकटीच."

निरीक्षकांनी चौथी वही ओढली. निकालाची वही ती. तिच्यातलं ते पान त्यांना पाठ होतं, लहानपणी त्यांना ते अनेकदा दाखवलं गेलं होतं, आणि पुढे त्यांनी स्वतः ते बायकोला, मुलीला, कचेरीत, समारंभांत, न विचारणाऱ्यांनासुद्धा तोंडी सांगितलं होतं. गुरुवारी अंडं बंद. शनिवारी सकाळी डावा कोपर चौदावरून नऊवर. खाली आईच्या सरळ, उभट अक्षरात दोन शब्द, दोन रेघा मारलेले: कारण, अंडे.

पान होतं तसंच होतं. त्यांनी बोट ठेवून ते ताईला वाचून दाखवलं. "बघ. दोन दिवसांत पाच अंकांनी उतार. याला पुरावा म्हणतात."

"आणि बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"उजवा कोपर, गुडघे. तुझी ती उपकेंद्रं."

हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दाखवणाऱ्याचं बोट नेहमी डाव्या कोपरावर असायचं. त्यांनी चष्मा वर केला. उजवा कोपर बारावरून सातवर. डावा गुडघा अकरावरून सहावर. उजवा गुडघा दहावरून पाचवर.

निरीक्षकांची बोटं वहीवर थांबली. तीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू तपासले होते. वाण्याचा, भंगारवाल्याचा, सोनाराचा. कोणता माल कसा हलतो, ओला किती, सुका किती, ते त्यांना कळे. चार वेगवेगळ्या जिनसा एकाच दिवशी एकाच आकड्याने हलक्या होत नाहीत. तसं दिसलं की ते जिनसांकडे बघतही नसत. ते थेट तराजू उलटा करून बघत.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काटा," ते म्हणाले. "काटा बदललाय."

त्यांनी वही उजेडाकडे धरली. शनिवारच्या ओळीसमोर, समासात, बारीक पेन्सिलीने, आईचंच अक्षर होतं. पट्टी नवीन.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला खिसा होता. त्यात दोन कार्डं होती. एक जुनं, मलमाने तेलकट होऊन कडा पारदर्शक झालेलं. एक तुलनेने स्वच्छ. निरीक्षकांनी दोन्ही तांबड्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्या पट्टीच्या सुरुवातीला पाच फिके चौकोन होते, मोतिया आणि त्याच्या बहिणी. नव्या पट्टीत ते नव्हते. खपत नसतील, कंपनीने काढून टाकले होते आणि पुढचे नंबर वर सरकवले होते. जुन्या पट्टीवरचा चौदा आणि नव्या पट्टीवरचा नऊ हा एकच रंग होता. कच्च्या गाजराचा. शुक्रवारी निजताना त्यांचा कोपर त्या रंगाचा होता, आणि शनिवारी सकाळीही त्याच रंगाचा होता.

खोलीत भट्टीची ऊब होती. पलीकडे कोणीतरी ट्रे धुत होतं.

"म्हणजे अंड्याचा काही संबंधच नाही," ताई सावकाश म्हणाली.

"तसं नाही म्हणता येणार. संबंध सिद्ध होत नाही, एवढंच."

"चार वर्षं, चौदा. चार वर्षं मला अंडं मिळालं नाही. मी दोन खायचे रविवारी. दोन!"

"आप्पांना माहीत नसेल. कंपनीचं नवीन कार्ड आलं, त्यांनी आणून दिलं."

ताईने नवीन कार्ड उलटं केलं. मागे दुकानाचा शिक्का होता, माल आल्याच्या तारखेचा. आप्पा दुकानात आलेल्या प्रत्येक कागदावर तो मारत. तारीख मार्चची होती. वहीतला शनिवार ऑगस्टचा होता.

"पाच महिने दुकानात पडून होतं," ती म्हणाली. "आणि मग नेमकं त्याच शुक्रवारी घरी आणावंसं वाटलं. का बरं?" तिने वही स्वतःकडे ओढली, एक पान मागे गेली आणि वाचलं. शुक्रवार, संध्याकाळ सहा. फरक नाही. अंड्यानंतर मासे बंद करून पाहणे.

आप्पांना मासे किती आवडत, हे घरात सांगायची गरज नव्हती. गहू गेला तेव्हा ते काही बोलले नव्हते. दूध गेलं तेव्हा बिनदुधाचा चहा पिऊन दुकानात गेले होते. चॉकलेट त्यांना नकोच होतं. पण माशांचा विषय निघाला की त्या अबोल माणसाचा चेहरा ओल्या भिंतीला पहिला हात द्यावा तसा उजळत असे. ते भांडणारे नव्हते. बायकोच्या शास्त्राशी वाद घालण्याइतकं शिक्षणही त्यांना नव्हतं. त्यांच्याकडे फक्त एक कार्ड होतं.

"बाबा रे," ताई म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. पिठाच्या हातानेच तिने डोळे पुसले, त्यामुळे तिच्या गालांवर दोन पांढरे पट्टे उमटले. "ताटातला मासा वाचवायला पोराचा कोपर रंगवला!"

"पण आईला कळलं होतं," निरीक्षक म्हणाले.

त्यांना हसू येत नव्हतं. ते अजून समासातल्या 'पट्टी नवीन' या दोन शब्दांकडे बघत होते. उपकरण बदललं की ते लिहायचं, आणि पुढच्या आकड्यांत तेवढी दुरुस्ती करायची, हे हवामान केंद्रात पहिल्या आठवड्यात शिकवत. तिने लिहिलं होतं. न लिहिणं तिला जमलंच नसतं. आणि मग, पस्तीस वर्षांच्या नोकरीत बहुधा पहिल्यांदा, तिने दुरुस्ती केली नव्हती. त्या आधीच्या पानांवरचं अक्षर त्यांनी आता नीट पाहिलं. ते आधीच्या वह्यांइतकं सरळ नव्हतं. ओळी उजवीकडे खाली झुकत होत्या. तीन वर्षं ती रोज तीनदा त्या खिडकीशी उभी राहिली होती, आणि 'फरक नाही' हे दोन शब्द तिने, त्यांनी मोजले नाहीत पण, हजारांनी लिहिले असतील. त्या शनिवारी तिच्यापुढे कोणीतरी नऊ हा आकडा ठेवला. तिने तो घेतला.

त्या सकाळचं त्यांना आठवत होतं. आई म्हणाली होती, "नऊ." मग तिने त्याच्या कोपरावर फुंकर घातली होती. पद्धतीत फुंकर बसत नव्हती.

"तुझ्यासाठीही रकाना आहे," ते अचानक म्हणाले.

"काय?"

प्रत्येक पानाच्या अगदी उजव्या कडेला एक अरुंद रकाना होता. वर लिहिलेलं होतं, ताई. त्याखाली रोज, दिवसातून एकदा, एकच शब्द. ठीक. ठीक. ठीक. ताईने वहीमागून वही उघडली. परीक्षेच्या दिवशी ठीक. मुरुमांच्या वर्षी ठीक. शेवटच्या वहीत, ज्या दिवशी ती बेकरीत नोकरीला लागून घर सोडून गेली त्या दिवशी तो रकाना रिकामा होता. पण दुसऱ्या दिवशीही रेघ मारलेली होती आणि शब्द मात्र नव्हता, आणि तशा रिकाम्या रेघा वही संपेपर्यंत होत्या.

ताई नाक ओढून म्हणाली, "ठीक काय ठीक. भूक लागलेली असायची मला."

"लिहिलं असेल दिसलं तसं."

"एकदा विचारायचं होतं." तिने वही मिटली आणि वरचा मैदा तळहाताने झाडला. "आणि तुला एक सांगायचं राहिलंय. तुझ्या पन्नाशीचा केक आठवतो?"

"बिनअंड्याचा. तू खास केला होतास."

"आठ अंडी होती त्यात."

निरीक्षकांचा हात आपसूक कोपराकडे गेला. "तरीच! मला दुसऱ्या दिवशी खाज सुटली होती."

"तुला त्या दिवशीपण सुटली होती, केक कापायच्या आधी. तो लोकरीचा कोट घालून आला होतास, मिरवायला. सगळ्या फोटोंत खाजवतोयस."

*

शुक्रवारी निरीक्षकांनी अकरा वह्या आणि दोन कार्डं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली, आणि सगळं जसं होतं तसं सांगितलं, आप्पांसकट. पुरावा आपल्याविरुद्ध गेला तरी तो सादर करायचा असतो, हे ते तीस वर्षं दुकानदारांना सांगत आले होते. मुलगी बाळाला घेऊन शेजारी बसली होती. ती ऐकताना एकदाही हसली नाही, ही तिची मेहरबानी.

डॉक्टरीणबाई मात्र पानं चाळत राहिल्या. बाहेरचा मुरुमांचा तरुण दोनदा डोकावून गेला.

"हे हळूहळू खरंच कमी होत गेलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "नव्या पट्टीवर नऊपासून दोनपर्यंत. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत."

"अंडं सोडल्यामुळे?" निरीक्षकांनी विचारलं. आवाजात थोडी आशा होती.

"बऱ्याच मुलांचं वयाबरोबर कमी होतं. आणि दुसरं असं की, हे रोज तीनदा धुणं, टिपणं आणि लगेच मलम लावणं..."

"ते उपचार नव्हते. ते मोजमापासाठी होतं. धुतल्याशिवाय रंग कसा दिसणार?"

"तेच उपचार होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी सगळ्यांना हेच सांगते, कोणी दोन आठवड्यांच्या वर करत नाही. तुमच्या आईंनी किती वर्षं केलं?"

"सात."

"मग झालं तर. जेवण काही जणांना बाधतं, नाही असं नाही, आणि कोणाला कशाने बाधतं ते शोधावं लागतं. पण तुमच्या घरी ज्याने गुण आला ते ताटात नव्हतंच." त्यांनी वह्यांचा गठ्ठा अदबीने त्यांच्याकडे सरकवला. "ॲलर्जीचा यात काही पुरावा नाही. केकनेही काही झालं नव्हतं. बाळाला अंडं द्या. नीट शिजवून, आधी चिमूटभर, आणि दोन तास लक्ष ठेवा."

*

रविवारी सकाळी ताईच्या बेकरीच्या मागच्या खोलीत अंडं उकडलं. ताईने ते पुरती वीस मिनिटं उकळलं, तिला कोणताही धोका पत्करायचा नव्हता. निरीक्षकांनी बाळाला खिडकीपाशी, आखूड पायाच्या स्टुलावर, आपल्या मांडीवर घेतलं. स्टूलही माळ्यावर निघालं होतं. मुलीने कोपर धुतला, टिपला. त्यांनी कार्ड शेजारी धरलं, डोळे बारीक केले, आणि खालचा ओठ किंचित पुढे काढून म्हणाले, "चार."

"कोणत्या पट्टीवर?" ताईने विचारलं.

"नव्या."

"लिहून ठेव बाई," ताई मुलीला म्हणाली, "नाहीतर पन्नास वर्षांनी भांडणं व्हायची."

मुलीने मलम लावलं. मग बलकाचा मोहरीएवढा कण चमच्याच्या टोकावर घेऊन बाळाच्या जिभेवर ठेवला. बाळाने तो कण तोंडात फिरवला, आजोबांकडे एकदा नीट पाहिलं, आणि तो त्यांच्या शर्टावर थुंकला.

दुसरा कणही थुंकला. तिसऱ्याला तोंडच उघडलं नाही.

"आजोबांवर गेलीय," ताई म्हणाली.

"मी कुठे थुंकत होतो?"

उरलेलं अंडं ताईने मीठ लावून दोन घासांत खाल्लं, हात पुसले, आणि पहिली वही उघडून, पहिलं पान त्यांच्यापुढे धरलं. ते पान त्यांना कधी कोणी दाखवलं नव्हतं. त्यावर आकडे नव्हते. पट्टी सुरू होण्याआधी आईने, पद्धत म्हणून, घरात कोण काय खातं याची यादी केली होती. मुलाच्या नावापुढे सातवी ओळ होती.

अंडे: खात नाही. त्याचे ताई खाते.